पाच कुप्या आणि आमची खालची टाकी

स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिसळणाच्या डब्याशेजारी, काचेच्या पाच कुप्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलेलं: मीटर, खालची टाकी, वरची टाकी, आमचा नळ, तिसरा मजला. पहाटे पाणी आलं तेव्हा भरलेल्या. दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवायला गेले आणि हात तसाच राहिला. चार कुप्या शाईसारख्या काळ्या झाल्या होत्या. एकच होती तशी होती, फिकट पिवळसर. मीटरची, म्हणजे महापालिकेचं पाणी आमच्या इमारतीत शिरतं तिथली.

मी गेली ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम करते. काळी कुपी म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. त्यातलं माध्यम आतड्यातल्या जिवाणूंना वाढू देतं, ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि लोहाशी त्याचा संयोग होऊन काळा रंग येतो. ही साधी, स्वस्त चाचणी १९८० च्या दशकात ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत निघाली, खेडोपाडी वीज नसतानाही करता यावी म्हणून. मुलुंडमधल्या माझ्या फळीवर तिने एवढंच सांगितलं की आम्ही २८ घरं मैलापाणी मिसळलेलं पाणी पीत होतो.

सुरुवात कावीळीपासून झाली. ऑगस्टच्या मध्याला आमच्या वरच्या मजल्यावरचा वेदांत, वय पंधरा, डोळे पिवळे घेऊन क्लासवरून घरी आला. चार दिवसांत तळमजल्यावरचे जोशीकाका. मग तिसऱ्या मजल्यावरची सून, तिला तर सातवा महिना. तिघांचेही रिपोर्ट हेपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी विषाणूची कावीळ. वेदांत आणि काका पथ्यपाण्यावर बरे होतील हे मला माहीत होतं. त्या मुलीच्या काळजीने मात्र मला झोप लागेना. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ जिवावर उठते, शंभरातल्या वीस-पंचवीस बायका जातात असे अनुभव आहेत. तिला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात दाखल केलं. तीन आठवडे ती तिथे होती. ती आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुमच्याही जिवाला घोर नको.

या आजाराचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं पात्र सरकलं, नाल्याचं पाणी वजिराबादच्या पाणीउपशाच्या तोंडाशी आलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तेव्हा या विषाणूला नावही नव्हतं. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले तेव्हा कळलं की ती हेपॅटायटिस ई होती. आमच्या लॅबमधले जुने डॉक्टर नव्या मुलांना ही गोष्ट नेहमी सांगायचे. कावीळ आज दिसते, पण पाणी पाच-सहा आठवड्यांपूर्वी नासलेलं असतं, हेही त्यांचंच. म्हणून मी मागे मोजत गेले. पाच-सहा आठवडे मागे म्हणजे जुलैचा पहिला आठवडा. त्या आठवड्यात आमच्या कंपाउंडमध्ये गुडघाभर पाणी होतं, मलवाहिनीचा चेंबर तुंबून उसळला होता, आणि खालच्या टाकीचं झाकण त्या पाण्याखाली दिवसभर होतं.

हे सगळं सोसायटीच्या सभेत सांगितलं तर पहिलं वाक्य काय आलं? "महापालिकेचं पाणीच खराब आहे हो."

मला तेव्हा राग आला, आणि तो राग कुठून आला ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझं माहेर शहापूर तालुक्यात, तानसा धरणाच्या खालच्या अंगाला. मुंबई ज्या सात तलावांचं पाणी पिते त्यांतले विहार आणि तुळशी तेवढे शहराच्या हद्दीत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. बाकीचे तानसा, मोडक सागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा हे आमच्याकडच्या आणि इगतपुरीकडच्या डोंगरांत. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. एकटा भातसा सातही तलावांच्या एकूण साठ्यातला जवळपास निम्मा साठा सांभाळतो. मुंबईतली माणसं जुलै उजाडला की पेपरात तलावांची टक्केवारी बघतात. आम्ही लहानपणी धरण भरल्याचा आवाज ऐकायचो.

आणि त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाड्यांवरच्या बायका एप्रिल-मे महिन्यात खोल गेलेल्या विहिरीत वाटी वाटीने पाणी जमा होण्याची वाट बघत बसतात. माझी आजी बसलेली मी पाहिली आहे, माझी वहिनी आजही बसते. आमच्या वाटेवर मुंबईला जाणारी मोठी पाईपलाईन होती, माणूस उभा राहील एवढ्या व्यासाची. तिच्या एका सांध्यातून पाणी झिरपायचं. आई तिथे कळशी लावायची. मी सात-आठ वर्षांची असेन, मी त्या पाईपला कान लावायचे. आत मोठ्या पानांच्या झाडात वारा घुसावा तसा आवाज यायचा. ते पाणी कुठे चाललंय असं आईला विचारलं की ती म्हणायची, "ममईला."

लग्न होऊन मी त्या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला आले. मला मुंबईचं पाणी परकं कधी वाटलं नाही. म्हणून कोणी ते खराब म्हटलं की तपासल्याशिवाय मला ते पटत नाही.

हे पाणी येतं कसं, तेही सभेत सांगितलं. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून, बरंचसं नुसत्या उताराने. भातसाचं पाणी तेवढं पिसे-पांजरापूरला उपसावं लागतं. मोठा भाग भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात येतो. १९७९ चं हे केंद्र आशियातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. तिथे तुरटीसारखं द्रव्य घालून गाळ बसवतात, वाळूच्या थरांतून गाळतात, मग क्लोरीन देतात. रोज जवळपास ३,९०० दशलक्ष लिटर पाणी या शहराला मिळतं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशातल्या २१ शहरांच्या नळाच्या पाण्याचे नमुने तपासले, त्यात मुंबई पहिली आली आणि दिल्ली शेवटची. मुंबईचे सगळे नमुने सगळ्या निकषांवर उतरले होते.

पण इथे एक गोष्ट मी सभेत ठासून सांगितली, कारण ती लपवली तर तीही लबाडी. जलवाहिनीतलं पाणीही कधीकधी बिघडतं. मुंबईत बहुतेक ठिकाणी चोवीस तास पाणी नसतं. आमच्याकडे पहाटे साडेचारला येतं आणि पावणेसातला जातं. पाणी गेलं की रिकाम्या पाईपमध्ये ओढ तयार होते, आणि पाईप जुना असेल, सांधा ढिला असेल, शेजारून गटार जात असेल तर बाहेरची घाण आत खेचली जाते. अशा गळत्यांमुळे वस्त्याच्या वस्त्या आजारी पडतात, आणि तिथल्या लोकांना सोसायटीसारखी दाद मागायची सोयही नसते. तिथे चूक पाणी मीटरपर्यंत पोचायच्या आधी असते. पण आमच्या बाबतीत ती मीटरच्या नंतर, आमच्याच आवारात होती. कुपी समोर होती. मी पाचही कुप्या भाजीच्या टोपलीत ठेवून सभेला नेल्या होत्या, त्या टेबलावर ओळीने मांडल्या. मीटरशेजारच्या नळाची स्वच्छ. हा तोच नळ, जिथे आमचा वॉचमन तोंड धुतो. त्यापासून चौदा फुटांवर खालची टाकी, ती काळी. तिथून पुढे सगळं काळं.

सभेत शांतता झाली. मग कोणीतरी म्हणालं, "टाकी मार्चमध्ये तर साफ केली होती." बिल होतं, फाईलला लावलेलं होतं. साफ कशी केली होती, ते टाकी उघडल्यावर कळलं.

पुढच्या रविवारी उघडली. पाणी उपसायला दोन तास लागले. तळाशी चार बोटं गाळ, चॉकलेटी, हातात घेतला तर मऊ पिठासारखा. ओव्हरफ्लोचा पाईप थेट गटाराच्या चेंबरच्या दिशेला काढलेला, तोंडाला जाळी नाही. झाकण जमिनीच्या पातळीला, त्याचा रबर कधीच कुजून गेलेला. आणि मग आमच्या प्लंबरने टॉर्चचा झोत पूर्वेच्या भिंतीवर मारला. "काकू, इकडे बघा." भिंतीच्या एका भेगेतून केसांच्या वेणीसारखा मुळ्यांचा झुबका आत आला होता. पिंपळाच्या मुळ्या. वर कंपाउंडच्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलेलं आम्ही सगळ्यांनी रोज पाहिलं होतं, देवाचं झाड म्हणून कोणी हात लावला नव्हता. त्या मुळ्या मलवाहिनीच्या चेंबरमधून फिरून आमच्या टाकीत आल्या होत्या. त्या ओल्या मुळ्यांना जो वास होता तो मी लॅबमध्ये रोज घेते. मी शिडीवर उभी होते, मला उतरून बाजूला बसावं लागलं. तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी त्या दिवशी अजून रुग्णालयातच होती.

मार्चमध्ये आलेल्या लोकांनी वरचं पाणी हलवून, पावडर टाकून बिल घेतलं होतं. आत कोणी उतरलं नव्हतं. आणि आमच्यापैकी कोणी वाकून बघितलं नव्हतं. मीही नाही.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगते. चेंबरची बाजू खणून मलवाहिनीचा फुटका तुकडा बदलला. भिंत आतून खरवडून वॉटरप्रूफिंग केलं. झाकणाची कड नऊ इंच उचलून घेतली, म्हणजे कंपाउंडमध्ये पाणी साचलं तरी आत शिरणार नाही. ओव्हरफ्लोचा पाईप गटारापासून तोडून मोकळ्यावर आणला, त्याला बारीक जाळी. पिंपळ मुळासकट काढून एका शाळेच्या आवारात लावायला दिला. प्रत्येक घरामागे साडेतीन हजार रुपये आले.

टाकी निर्जंतुक करण्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण बहुतेक ठिकाणी तिथेच गडबड होते. आधी ब्रश मारून गाळ पूर्ण काढायचा. गाळ राहिला तर तोच क्लोरीन खाऊन टाकतो, जंतूंसाठी काही उरत नाही. मग ब्लीचिंग पावडर. चांगल्या, ताज्या पावडरीत पंचवीस टक्क्यांच्या वर क्लोरीन असतो, पण पिशवी उघडी राहिली तर तो उडून जातो. वॉचमनच्या खोलीत वर्षभर पडलेली पावडर म्हणजे नुसता चुना. आमची वरची टाकी दहा हजार लिटरची, तिला दोन किलो पावडर लागली. ती बादलीत कालवून ठेवायची, चोथा खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत घालायचं. टाकी काठोकाठ भरून रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी ते पाणी घराघरांतले सगळे नळ सोडून वाहून द्यायचं, म्हणजे पाईपही आतून धुतले जातात. आम्ही आदल्या दिवशी दारोदार चिठ्ठ्या लावल्या होत्या, तरी दोन घरांत त्या पाण्याने दूध विरजलं गेलं. ते मी स्वतः जाऊन ओतून दिलं.

मध्यंतरी आणखी एक प्रकार झाला. कावीळीची बातमी बाहेर गेली आणि तिसऱ्याच दिवशी पाणी शुद्ध करणारं यंत्र विकणारा एक माणूस आमच्या जिन्याखाली टेबल मांडून बसला. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. नळाचं पाणी बघता बघता तांबडं, गढूळ झालं, वर फेस आला. यंत्राचं तसंच राहिलं. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मी खाली आले आणि त्याच्या यंत्राच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत कांड्या बुडवायला सांगितलं. तेही तांबडं झालं. तो गंज कांडीतल्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडी विरघळते, त्याचा शुद्धतेशी काही संबंध नाही. तो माणूस तरुण होता, त्यालाही हे कोणी सांगितलेलं नसावं. त्याला चहा दिला आणि टेबल उचलायला सांगितलं.

आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, मी मोजला आहे, ७२ आला. भारतीय मानकात ५०० पर्यंत उत्तम धरतात. आरओ यंत्र हे क्षार काढायला असतं. जिथे बोअरचं मचूळ पाणी प्यावं लागतं तिथे ते वरदान आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्राला सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला. आमच्या पाण्यात काढण्याएवढे क्षारच नाहीत. आरओने विषाणू अडतात हे खरं, पण ते काम उकळूनही होतं; खळाखळा उकळी आली की एक मिनिट पुरे. आणि यंत्र फक्त पिण्याच्या ग्लासापुरतं असतं. दात घासायचं पाणी, कोथिंबीर धुवायचं पाणी, बाळाची बाटली विसळायचं पाणी टाकीतलंच.

एका घरी ते यंत्र होतंच. गणपतीला माझी वहिनी गावाहून आली होती, तिला घेऊन मी त्यांच्याकडे आरतीला गेले. ती स्वयंपाकघरात हात धुवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बघितलं तर मोरीपाशी उभी. यंत्राची पांढरी बारीक नळी मोरीत सोडलेली होती, तिच्यातून सतत धार चालू होती. ती म्हणाली, "ताई, ही गळती कुणी बंद का करत नाही?" गळती नाही, ते यंत्रच एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर असं सोडतं, असं मी सांगितलं. ती काही बोलली नाही. तिने कोपऱ्यातली बादली ओढून त्या धारेखाली लावली आणि मग आरतीला आली. त्या घरी आजही तिथे बादली असते, फरशी त्या पाण्याने पुसतात.

पाण्याच्या बिलाबद्दलही बोलू. आम्हाला हजार लिटर पाणी सहा-सात रुपयांना पडतं, वर मलनिस्सारणाचे सत्तर टक्के. स्टेशनवर तेवढ्या पैशांत एक लिटरची बाटलीही येत नाही. शंभरावर किलोमीटरवरून, दोन-तीन जिल्ह्यांतून, शेकडो माणसांच्या हातांतून आलेलं पाणी इतकं स्वस्त मिळतं म्हणूनच की काय, टाकीच्या झाकणाच्या रबराला आम्ही वर्षानुवर्षं दोनशे रुपये खर्च केले नाहीत. पहाटे चारला आमच्या भागातला चावीवाला रस्त्यावरचा व्हॉल्व्ह फिरवतो. मी त्याला पहिल्यांदा या सगळ्या धावपळीत भेटले. खांद्यावर लांब लोखंडी चावी, पावसात भिजलेला. किती फेरे फिरवल्यावर कोणत्या गल्लीला किती दाब जातो हे त्याच्या हाताला माहीत आहे. आमच्या टाकीचं कळलं तेव्हा तो म्हणाला, "आम्ही दारापर्यंत आणून देतो, ताई." एवढंच म्हणाला आणि पुढच्या व्हॉल्व्हकडे गेला.

आता आमच्याकडे जिन्याखाली एक वही टांगलेली आहे. दर रविवारी सकाळी तीन ठिकाणचा क्लोरीन तपासून लिहायचा: मीटर, वरची टाकी, आणि सर्वांत शेवटचं घर. औषधाच्या दुकानातून क्लोरोस्कोप आणला, दोनशे-तीनशे रुपयांचा. नळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की शेजारच्या पट्टीशी ताडून बघायचा. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. तेवढा उरला म्हणजे वाटेत पाण्यात काही घुसलं तर त्याच्याशी झुंजायला कोणीतरी शिल्लक आहे. एकदम शून्य आला तर समजायचं की क्लोरीन कोणीतरी खाल्ला, आणि शोधायला लागायचं. नळाला थोडा औषधाचा वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्यांना मी हेच सांगते. पावसाळ्यात दर महिन्याला कुप्याही लावतो. टाकी वर्षातून दोनदा, आणि कमिटीतल्या दोघांनी टॉर्च घेऊन आत बघितल्याशिवाय बिल द्यायचं नाही.

या रविवारी मला लॅबमध्ये लवकर जायचं होतं, म्हणून वही वेदांतकडे दिली. तो आता अकरावीत आहे, तेलकट खायला परत सुरुवात झाली आहे. मी रिक्षात बसत होते तेवढ्यात तो गच्चीवरून ओरडला, "काकू, मीटर ०.५, टाकी ०.३!" आणि शेवटच्या घराचं विचारलं तर म्हणाला, "थांबा, तिसऱ्या मजल्यावर बाळ झोपलंय. उठलं की घेतो."